सल्ल्याचे इंग्रजी शिकवताना मराठीला वर्गाबाहेर ठेवू नका

प्रति,
मा. संचालक आणि इंग्रजी भाषा अभ्यासगटाचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे



नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून राज्यातली पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने नव्याने लिहिली जात आहेत. त्या निमित्ताने इंग्रजी व्याकरणाच्या एका छोट्या भागाकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. इंग्रजीत दुसऱ्याला सल्ला कसा द्यायचा आणि स्वतःची पसंती कशी सांगायची, हा तो भाग. 'शुड', 'ऑट टू', 'हॅड बेटर', 'वुड रादर', 'वुड प्रिफर' ही त्यातली नेहमीची मंडळी. पुस्तकात ती एका तक्त्यात मावतात आणि परीक्षेत त्यांना एखाद-दुसरा गुण असतो. शाळा सुटल्यावर मात्र नोकरीच्या मुलाखतीत, कचेरीतल्या पत्रव्यवहारात, रुग्णाशी किंवा ग्राहकाशी बोलताना, वरिष्ठाला त्याची चूक दाखवताना याच शब्दांशी रोज गाठ पडते. माझे म्हणणे असे आहे की हा भाग आज आपण एका इंग्रजी शब्दाला एक मराठी प्रतिशब्द या पद्धतीने शिकवतो आणि तिथेच चुकतो. तो शिकवायला हवा तो सल्ल्याचा जोर आणि बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांतले नाते या दोन कसोट्यांवर. त्यासाठी लागणारी जवळपास सगळी जाण मराठी मुलाकडे त्याच्या मातृभाषेतून आधीच आलेली असते.

आजची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. सहायक क्रियापद ओळखा, त्याचे कार्य सांगा, किंवा 'सल्ला', 'बंधन', 'क्षमता' दाखवणारे सहायक क्रियापद घालून वाक्य पुन्हा लिहा. विद्यार्थी पाठ करतो: 'शुड' म्हणजे सल्ला, 'मस्ट' म्हणजे बंधन, 'कॅन' म्हणजे क्षमता. अर्थ विचारला तर 'शुड'लाही 'पाहिजे' आणि 'मस्ट'लाही 'पाहिजे', फार तर दुसऱ्याला एक 'च' जास्त. आता मराठीतल्या 'पाहिजे'चा पसारा पाहा. 'मला पाणी पाहिजे' यात इच्छा आहे, 'औषध वेळेवर घेतलं पाहिजे' यात सल्ला आहे, 'कर भरलाच पाहिजे' यात बंधन आहे, आणि 'आत्तापर्यंत गाडी यायला पाहिजे' यात निव्वळ अंदाज आहे. हे सारे अर्थ मराठीत संदर्भाने आणि आवाजाच्या चढउताराने वेगळे होतात. इंग्रजीत त्यांतल्या बहुतेकांसाठी वेगळी रचना आहे. हा फरक न सांगता प्रतिशब्द हाती दिला की हुशार मुलगाही साहेबांना लिहितो, 'सर, यू शुड साइन धिस टुडे.' व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, पण वाचणाऱ्याला ती कनिष्ठाने वरिष्ठाला दिलेली ताकीद वाटते. लिहिणाऱ्याच्या मनात असते ते 'सर, आज सही झाली तर बरं होईल' एवढेच.

'हॅड बेटर'च्या बाबतीत चूक आणखी महाग पडते. 'बेटर' म्हणजे 'अधिक चांगले', म्हणून ही रचना 'शुड'पेक्षा सौम्य असणार, असे विद्यार्थ्याला वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. 'यू हॅड बेटर' या शब्दांमागे न उच्चारलेले एक 'नाहीतर' उभे असते. ती रचना सर्वसाधारण उपदेशासाठी नसते, समोरच्या विशिष्ट प्रसंगासाठी असते, आणि ती शोभते बरोबरीच्या माणसात किंवा मोठ्याने धाकट्याला सांगताना. ग्राहकाला 'यू हॅड बेटर पे बाय फ्रायडे' असे कळवणारा कर्मचारी नकळत धमकी देऊन बसतो. हाच बारकावा मराठीत मांडा, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही तो कळेल. 'पैसे उद्या दिलेले बरे' आणि 'पैसे उद्या दिलेस तर बरं!' या दोन्ही वाक्यांत 'बरे' आहे, पण पहिले सल्ला देते आणि दुसरे डोळे वटारते. 'हॅड बेटर'चा वावर या दुसऱ्या वाक्याच्या आसपास आहे, इतके सांगितले की काम झाले. मग 'बेटर' या शब्दाने तो मुलगा फसणार नाही.

मराठीच्या तासाला आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकवतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. विध्यर्थाखाली कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा अशा छटाही सांगतो. मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ही चर्चा मराठीत तपशिलाने उपलब्ध आहे. इंग्रजीच्या तासाला हीच छटांची यादी परक्या नावांनी पुन्हा येते आणि दोन्ही तासांची एकमेकांशी ओळख करून दिली जात नाही. साम्य तर याहूनही खोल आहे. 'शुड', 'वुड', 'कुड', 'माइट' ही मुळात 'शॅल', 'विल', 'कॅन', 'मे' यांची भूतकाळी रूपे आहेत. आग्रह कमी करायचा असेल तर इंग्रजी भाषा क्रियापद भूतकाळाच्या रूपात नेते आणि काळाचे अंतर आदबीचे अंतर होते. विद्यार्थ्याला हे चमत्कारिक वाटते, कारण आपण त्याला आठवण करून देत नाही की तो स्वतः रोज हेच करतो. 'सर, मला एक विचारायचं होतं' असे म्हणताना विचारण्याची इच्छा कालची नसते, आत्ताचीच असते. 'मी जरा लवकर निघालो तर चालेल का?' असे विचारणारा अजून जागेवरच उभा असतो. 'निघालो' आणि 'होतं' ही भूतकाळी रूपे तिथे केवळ मऊपणासाठी आलेली असतात.

पसंती सांगण्याच्या रचनांत तर हे साम्य अक्षरशः बोटावर मोजून दाखवता येते. 'आय वुड रादर यू डिडन्ट स्मोक हिअर' या वाक्यात वर्तमानाविषयी बोलताना 'डिडन्ट' हे भूतकाळी रूप का, या प्रश्नावर बहुतेक वर्गांत 'नियमच तसा आहे' एवढेच उत्तर मिळते. मराठी वाक्य शेजारी ठेवा: 'तुम्ही इथे सिगारेट ओढली नाहीत तर बरं होईल.' 'ओढली' हेही भूतकाळीच रूप आहे आणि तेही वर्तमानाविषयीच आहे. 'वुड रादर'मधला ठाम नापसंतीचा सूर 'त्यापेक्षा घरी बसलेलं परवडलं' या बोलीतल्या वाक्यात जसाच्या तसा सापडतो, आणि 'आय वुड रादर नॉट' हा सभ्य नकार म्हणजे आपले 'नको, राहू द्या' आहे. 'व्हॉट डू यू लाइक?' आणि 'व्हॉट वुड यू लाइक?' यांत गोंधळणाऱ्या मुलाला 'काय आवडतं?' आणि 'काय घ्याल?' यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. 'आय प्रिफर टी' ही सवय झाली, 'आय वुड प्रिफर टी' ही आत्ताची निवड झाली. 'प्रिफर'पुढे 'टू' आणि 'रादर'पुढे 'दॅन' एवढाच भाग आपण परीक्षेसाठी घोटून घेतो. तोही यायला हवाच, पण कोणते वाक्य कुणापुढे आणि केव्हा बोलायचे, हे त्याहून मोठे शिक्षण मागे राहते.

ही केवळ शिष्टाचाराची नाजूक बाब आहे, असे कुणी म्हणू नये. भाषाभ्यासक जेनी थॉमस यांनी १९८३ साली एका महत्त्वाच्या निबंधात दाखवले की परक्या भाषेत व्याकरण चुकले तर ऐकणारा म्हणतो, याला भाषा नीट येत नाही. पण व्याकरण शुद्ध असून प्रसंगाचे भान चुकले तर तो म्हणतो, हा माणूसच उद्धट आहे. पहिल्या चुकीत दोष भाषेच्या ज्ञानाकडे जातो, दुसरीत स्वभावाकडे. जॉन गम्पर्झ यांनी १९८२ सालच्या 'डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज' या ग्रंथात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहातले उदाहरण नोंदवले आहे. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया जेवण वाढताना 'ग्रेव्ही' हा शब्द उतरत्या सुरात उच्चारत. ब्रिटिश कर्मचाऱ्यांच्या कानाला तो प्रश्न न वाटता तोडून टाकणे वाटे, कारण ते स्वतः हाच शब्द चढत्या सुरात विचारत. एका शब्दाच्या सुरावरून या स्त्रिया तुसड्या ठरल्या, आणि त्यांना वाटले की आपल्याशी भेदभाव होतो आहे. ध्वनिफिती ऐकवून दोन्ही बाजूंना कारण समजावल्यावर परिस्थिती सुधारली. एका सुराने एवढे होत असेल, तर 'शुड' आणि 'हॅड बेटर' यांच्या चुकीच्या निवडीने काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या वर्गांशी अधिक थेट संबंध असलेला पुरावा १९९८ सालचा आहे. कॅथलीन बार्डोव्ही-हार्लिग आणि झोल्तान डॉर्न्येई यांनी हंगेरीत परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणारे आणि अमेरिकेत राहून शिकणारे, अशा दोन गटांना संवाद दाखवून त्यांतल्या चुका किती गंभीर वाटतात ते विचारले. हंगेरीतल्या विद्यार्थ्यांना व्याकरणाच्या चुका अधिक गंभीर वाटल्या, अमेरिकेतल्यांना प्रसंगाला न शोभणारे बोलणे अधिक खटकले. ज्या वर्गात केवळ व्याकरण तपासले जाते, तिथले विद्यार्थी केवळ व्याकरणाकडेच पाहायला शिकतात. महाराष्ट्रातला मराठी माध्यमाचा वर्ग हंगेरीतल्या वर्गासारखाच आहे: इंग्रजी शाळेच्या तासाला, गुण व्याकरणाला, आणि शाळेबाहेर त्या भाषेत बोलणारे माणूस क्वचित. म्हणून प्रसंगाचे भान आपोआप येईल अशी आशा इथे ठेवता येत नाही. ते पुस्तकातूनच यावे लागेल.

व्यवसायांच्या जगात तर सल्ल्याचा जोर मोजून-मापून ठरवलेला असतो. इंटरनेटचे तांत्रिक निकष लिहिताना कोणता शब्द किती बंधनकारक, हे सांगणारा एक दस्तऐवज मार्च १९९७ पासून प्रमाण मानला जातो. 'मस्ट' म्हणजे अपवाद नसलेली अट. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर आणि परिणामांचा पूर्ण विचार करूनच सोडता येणारी शिफारस. 'मे' म्हणजे सर्वस्वी ऐच्छिक. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत 'मस्ट' हा शब्द सहसा कायदेशीर कर्तव्य असेल तिथेच वापरतात. पुरावा भक्कम असेल तर उपचार 'ऑफर' करा म्हणतात, पुरावा तितका भक्कम नसेल तर 'कन्सिडर' करा म्हणतात. पुण्या-नागपुरातून संगणक क्षेत्रात जाणारी मुले आणि परदेशी रुग्णालयांत काम करणाऱ्या आपल्या परिचारिका अशाच भाषेत लिहिलेल्या सूचना वाचतात. 'शुड' आणि 'मस्ट' या दोन्हींना 'पाहिजे' एवढाच अर्थ पाठ करून गेलेल्या माणसाला तिथे शब्द कळतील, पण जोर कळणार नाही.

जोर कमी पडल्यानेही अनर्थ होतो, हे विसरता येत नाही. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले. विमानातल्या १५८ जणांपैकी ७३ दगावले. इंधन संपत आल्याचे सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला सांगितले होते, पण 'आणीबाणी' घोषित केली नव्हती, आणि प्रसंगाला साजेशी निकड त्याच्या शब्दांतून पोचली नाही. शार्लट लिंड यांनी १९८८ साली वैमानिकांच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांना आढळले की वरिष्ठाशी बोलताना कनिष्ठ आपले म्हणणे अधिक मवाळ करतो आणि मवाळ केलेली सूचना दुर्लक्षित राहण्याचा संभव अधिक असतो. म्हणून मुलांना फक्त नम्र इंग्रजी शिकवा, अशी माझी मागणी नाही. कुठे 'यू माइट वॉन्ट टू' म्हणायचे, कुठे 'शुड' आणि कुठे नि:संकोच 'यू मस्ट, राइट नाऊ', हा विवेक शिकवा, ही मागणी आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो शिक्षकांकडून, आणि तो प्रामाणिक असेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना साधे वाक्य वाचताना अडचण येते, तिथे या छटा कुठून शिकवायच्या? ही अडचण खरी आहे. पण मी नवा धडा वाढवायला सांगत नाही, आज आहे त्या धड्याचीच मांडणी बदलायला सांगतो आहे. आठवीच्या मुलाला 'ऑब्लिगेशन' ही संज्ञा पाठ करणे अवघड जाते. 'आजोबांना कसं सांगशील आणि धाकट्या भावाला कसं सांगशील?' या प्रश्नाचे उत्तर तो लगेच देतो. त्या उत्तरावरून 'कुड यू' आणि 'यू हॅड बेटर'पर्यंत नेणे, संज्ञेवरून नेण्यापेक्षा सोपे आहे. ज्याची इंग्रजी कच्ची आहे, त्याला तर मातृभाषेचा हा आधार सर्वांत अधिक लागतो.

दुसरा आक्षेप असा की इंग्रजीच्या तासाला मराठी आणली तर मुले भाषांतराच्या सवयीत अडकतील. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्या लिहीत उत्तम पण बोलताना अडखळत, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य असेलही. परंतु शब्दाला शब्द लावणे वेगळे आणि दोन भाषांतली रीत शेजारी ठेवून पाहणे वेगळे. आज मराठीला दारातून बाहेर काढल्यामुळे ती गेलेली नाही. ती 'शुड म्हणजे पाहिजे' या सर्वांत ओबडधोबड रूपात प्रत्येक मुलाच्या डोक्यात बसलेली आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ने मुलांची बहुभाषिकता ही अडचण नसून साधनसंपत्ती आहे असे मानले. आपल्या पुस्तकांनी ते या एका प्रकरणात तरी प्रत्यक्षात आणावे.

तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे. इंग्रजांची आर्जवे आपण का गिरवावीत? भारतीय इंग्रजीला स्वतःचा बाज आहे. हा बाज मला मान्य आहे. उच्चार, सूर, 'प्लीज' किती वेळा म्हणायचे हे आपले आपण ठरवू. पण सूचना ऐच्छिक आहे की बंधनकारक, हे समोरच्याला नेमके कळणे हा शिष्टाचार नसून आशयाचा भाग आहे. मराठी तरुणाच्या इंग्रजीचा श्रोता आज बहुधा इंग्रज नसतोच. तो चेन्नईचा, गुवाहाटीचा किंवा नैरोबीचा असतो, आणि दोघांमधली सामाईक भाषा हीच असते. शिवाय इंग्रजी स्वतःही बदलते आहे. जेफ्री लीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ आणि १९९० नंतरच्या लिखाणाच्या संग्रहांची तुलना केली तेव्हा सहायक क्रियापदांचा वापर एकूण सुमारे दहा टक्क्यांनी घटलेला दिसला. 'शॅल', 'मस्ट', 'ऑट टू' यांची घट विशेष होती आणि 'नीड टू'सारख्या रचना वाढल्या होत्या. म्हणजे आपण जुन्या तक्त्यातल्या ज्या जागा घोटून घेतो, त्यांतल्या काही खुद्द इंग्रजीभाषकांनीच मोकळ्या करत आणल्या आहेत.

चौथा प्रश्न परीक्षेचा. छटा कशा तपासायच्या? प्रसंग देऊन. मुख्याध्यापकांना सहलीची तारीख बदलायची विनंती करायची आहे. ओल्या हाताने विजेचे बटण दाबायला निघालेल्या मित्राला थांबवायचे आहे. पाहुण्यांनी विचारले आहे की चहा की सरबत. प्रत्येकाखाली चार वाक्ये, चारही व्याकरणदृष्ट्या शुद्ध, त्यांतले प्रसंगाला शोभणारे निवडायचे आणि का ते एका ओळीत लिहायचे. 'का'चे उत्तर सुरुवातीच्या इयत्तांत मराठीत लिहिले तरी चालावे. गुणदान यात अवघड नाही, आणि घोकंपट्टीला जागा उरत नाही.

महाराष्ट्राने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. म्हणजे मराठी माध्यमातून दहावी होणारा प्रत्येक विद्यार्थी दहा वर्षे ही भाषा शिकतो. दहा वर्षांनंतर त्याला वरिष्ठाला सूचना करता यावी, मित्राला सावध करता यावे, न दुखावता नकार देता यावा आणि आपली निवड स्पष्ट सांगता यावी, ही अपेक्षा मुळीच मोठी नाही. म्हणून माझी आपल्याला तीन गोष्टींची विनंती आहे. सहायक क्रियापदांचा तक्ता कार्यांच्या नावांऐवजी जोराच्या चढत्या क्रमाने मांडा. प्रत्येक रचनेशेजारी त्या जोराचे, त्या नात्याचे मराठी वाक्य छापा, आणि मराठीच्या पुस्तकातल्या विध्यर्थ-संकेतार्थाच्या पाठाशी त्याचा दुवा जोडा. आणि परीक्षेतला निदान एक प्रश्न प्रसंगावर ठेवा, कारण जे विचारले जाते तेच आपल्या वर्गांत शिकवले जाते. यासाठी जादा निधी लागत नाही, जादा तास लागत नाही. नवी पुस्तके लिहिली जात असतानाच हे करता येईल. ती छापून झाली की पुढच्या फेरीपर्यंत आणखी कित्येक वर्षे मुले 'शुड म्हणजे पाहिजे' एवढेच पाठ करत राहतील. अभ्यासगटाने आपल्या पुढच्या बैठकीत या विषयाचा विचार करावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे,
आपला,
दोन्ही भाषांचा एक अभ्यासक